आईचा दम्याचा पंप बदलावा का? (पावडर की फवारा)

पाणकोंबडी:
आईला (६२, चिपळूण) वीस वर्षं दमा. निळा सालब्युटामॉलचा पंप कायम उशाशी. परवा तिचं कपाट आवरताना एका कप्प्यात सात रिकामे डबे निघाले, सगळे याच वर्षातले. पंपातला फवारा ढकलणारा वायू पृथ्वी तापवतो असं वाचलंय. तिला कॅप्सूलवाल्या रोटाहेलरवर (कॅप्सूलमधली औषधाची पावडर श्वासाने ओढायचं यंत्र) आणावं का? आणि हे डबे टाकायचे कुठे?

रसायनवाला:
वाचलंत ते बरोबर. पूर्वी पंपात फवारा ढकलायला सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायू असायचा. तो ओझोनच्या मुळावर उठलेला, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला. त्याच्या जागी एचएफसी-१३४ए (हायड्रोफ्लुरोकार्बन) वायू आला. ओझोनला निर्धोक, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापवणारा. डब्यात १८ ग्रॅम वायू धरला तर गुणाकार करा, एका डब्यामागे २५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं होतं! तोही कमी करायचं २०१६मध्ये किगालीत (रवांडा) देशांनी मिळून ठरवलं, त्याला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. पावडरीत वायूच नाही, औषध ओढायचं ते स्वतःच्या श्वासाने.

दमेकरी_देवरुख:
मी बारा वर्षं रोटाहेलरवर आहे. कॅप्सूल घालून यंत्राचा तळ फिरवायचा, श्वास पूर्ण सोडायचा (यंत्रात नाही हं!), ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचं. खुळखुळ आवाज आला पाहिजे. नंतर उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॅप्सूल आधीच काढून ठेवू नका, दमट होतात. आईंचा श्वास तेवढा जोरात ओढला जातो का, हे मात्र डॉक्टरांसमोर करून दाखवा. माझ्या सासऱ्यांना जमलं नाही. ते परत पंपावर आले, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, आणि ठीक आहेत. लहान मुलांनाही पंप-स्पेसरच बरा.

निशाचर:
वायूचं राहू दे, मला ते सात डबे खटकले. निळा पंप फक्त नळ्या सैल करतो, आतली सूज तशीच राहते. वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागले तर दमा आटोक्यात नाही असं धरतात, अटॅकचा धोका वाढतो. त्यांना स्टेरॉइडवाला इन्हेलर दिलाय का? आणि त्या तो घेतात का? ‘स्टेरॉइड’ ऐकून आमच्याकडे निम्मे लोक तो फडताळात ठेवून देतात.

पाणकोंबडी:
@निशाचर, दिलाय. तपकिरी. "बरं वाटतंय, कशाला रोज" म्हणून सील न फोडता देवघरामागे ठेवलेला सापडला. मंगळवारची वेळ घेतलीय, दोन्ही घेऊन जाते.

रसायनवाला:
डबे राहिलेच. रिकामा वाटला तरी आत दाब असतो. भोक पाडू नका, परसात पाला जाळता त्यात तर मुळीच टाकू नका, फुटतो. औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा, नाहीतर वेगळे बांधून, आत काय आहे ते सांगून कचरा नेणाऱ्यांकडे द्या.