बावन्न-अठ्ठेचाळीसचा कौल ब्रिटिश संसदेवर बंधनकारक होता का?

प्रश्न : साताऱ्याचा मास्तर

नमस्कार. मी पदवीच्या वर्गाला राज्यशास्त्र शिकवतो. ब्रेक्झिटचे प्रकरण आले की दरवर्षी वर्गाचे दोन तट पडतात. २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के आणि संघात राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मते पडली. एका तटाचे म्हणणे असे की, लोकांना विचारले आणि लोकांनी उत्तर दिले, तेव्हा ते पाळण्यावाचून संसदेला गत्यंतर नव्हते. दुसरा तट म्हणतो की सार्वमत हा केवळ सल्ला होता आणि देशाचे नुकसान दिसत असेल तर तो नाकारणे हेच खासदारांचे कर्तव्य होते. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि त्यामुळेच विद्यार्थ्यांना काय सांगावे हे कळत नाही. कायद्याने आणि नीतीने संसद कितपत बांधील होती? आणि लोकांना पुन्हा विचारले असते, तर तो आधीच्या मतदारांचा अवमान ठरला असता का? तिथे राहणाऱ्यांनी आपले मत सांगावे.

उत्तर : लेस्टरकर

मास्तर, मी त्या दिवशी मतदान केले होते. माझ्याकडे तेव्हा भारतीय पारपत्रच होते, पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना त्या सार्वमतात मताधिकार होता. मी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले आणि हरलो. तरीही कौल पाळायला हवा, असेच माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे.

कायद्याचे म्हणाल, तर बंधन मुळीच नव्हते. सार्वमताचा कायदा २०१५ साली झाला. निकालानंतर कोणी काय करायचे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. हे नजरचुकीने झाले असे म्हणता येत नाही, कारण कौल कायद्यात कसा बांधायचा हे त्या संसदेला ठाऊक होते. २०११ साली मतदानपद्धती बदलण्यासाठी सार्वमत घेतले, तेव्हा होकार आल्यास बदल लागू करण्याची तरतूद कायद्यातच होती. १९७९ साली स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी कौल घेतला, तेव्हा एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट घातली होती. झालेल्या मतदानात ५१.६ टक्के होकार येऊनही ती अट पुरी झाली नाही आणि विधिमंडळ मिळाले नाही. २०१६ साली यांपैकी काहीच केले नव्हते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये आठ विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले की, संसदेने कायदा केल्याशिवाय सरकारला बाहेर पडण्याची नोटीस देता येणार नाही.

मात्र नीतीचा हिशेब वेगळा आहे. मतदानापूर्वी सरकारने घरोघरी एक पत्रक पाठवले होते. ते माझ्याही दारात पडले. ‘हा निर्णय तुमचा आहे, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणील,’ असे त्यात स्पष्ट छापले होते. सल्ला मागतो आहोत, असे कोठेही म्हटले नव्हते. आमच्या शेजारचे निवृत्त कामगार कित्येक वर्षांनी मतदानाला गेले, ते ‘या वेळी तरी माझे मत मोजले जाईल’ एवढ्याच विश्वासाने. त्यांनी माझ्या विरुद्ध मत दिले होते. ‘तो केवळ सल्ला होता हो,’ असे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते आणि तो प्रामाणिकपणाही ठरला नसता. पुढे २०१७ च्या निवडणुकीत हुजूर आणि मजूर या दोन्ही पक्षांनी निकाल मान्य असल्याचे जाहीरनाम्यात लिहून दिले, आणि दोघांना मिळून ८० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. म्हणजे तेच वचन दुसऱ्यांदा दिले गेले.

उत्तर : फोर्थकाठ

लेस्टरकरांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण वचन नेमके कशाचे होते? मतपत्रिकेवर ‘राहावे’ आणि ‘बाहेर पडावे’ एवढेच होते. बाहेर पडून नॉर्वेसारखे एकल बाजारपेठेत (जिथे माल, सेवा, भांडवल आणि माणसे मोकळेपणाने ये-जा करतात) राहायचे, केवळ जकात संघात (आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालावर सर्वांची सारखी जकात) राहायचे, की कोणताही करार न करता निघायचे, हे कोणालाच विचारले नव्हते. २७ मार्च २०१९ रोजी कॉमन्स सभागृहात आठ पर्याय मताला टाकले गेले आणि एकालाही बहुमत मिळाले नाही. बाहेर पडण्याला बहुमत होते, पण बाहेर पडण्याच्या कोणत्याही एका वाटेला नव्हते. अशा वेळी तयार झालेला करार लोकांपुढे ठेवून ‘हाच हवा होता ना?’ असे विचारण्यात अवमान कसला? डेन्मार्कने १९९२ साली युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार सार्वमतात नाकारला, त्यात सवलती मिळवल्या आणि १९९३ साली पुन्हा विचारल्यावर लोकांनी तो स्वीकारला.

मी एडिनबरोत राहतो. स्कॉटलंडने ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली होती. शिवाय २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात, युरोपात टिकायचे असेल तर ब्रिटनमध्येच राहा, असे आम्हाला बजावले गेले होते. ते वचन कोणी पाळायचे?

उत्तर : पेडणेकर

या चर्चेत गोव्याचा अनुभव आठवतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासनासाठी दोन पाने अशा खुणा होत्या. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, केंद्रशासनाला १,७२,१९१. आमच्या घरातील सगळी मते फुलाला गेली होती आणि आजोबांना तो पराभव शेवटपर्यंत सलत राहिला. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे भाऊसाहेब बांदोडकर त्यानंतर काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण त्या विजयाच्या जोरावर कौल काही उलटला नाही.

मात्र फोर्थकाठ यांचा मुद्दा मला इथेच पटतो. दोन पाने जिंकली तर उद्या काय होणार, हे आजोबांनाही ठाऊक होते आणि त्यांच्या विरोधकांनाही. ब्रिटनमध्ये जिंकणाऱ्यांनाच ते ठाऊक नव्हते.

उत्तर : लेस्टरकर

फोर्थकाठ, ‘बाहेर’ या शब्दाला एकच अर्थ नव्हता, हे मला मान्य आहे. किंबहुना म्हणूनच हरलेल्या ४८ टक्क्यांना त्या अर्थात वाटा मागण्याचा पूर्ण अधिकार होता, असे मी म्हणेन. पण आपल्या बाजूच्या कित्येकांनी तो वाटा मागण्याऐवजी निकालच पुसण्याची आशा धरली. १ एप्रिल २०१९ रोजी जकात संघात राहण्याचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा, केवळ तीन मतांनी पडला. दुसऱ्या सार्वमताचा आग्रह धरणाऱ्यांपैकी काहींनी त्या दिवशी त्याला साथ दिली नाही. त्याच संध्याकाळी करारावर सार्वमत घेण्याचा प्रस्तावही २८० विरुद्ध २९२ असा पडला. डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या आणि ३१ जानेवारी २०२० रोजी देश संघाबाहेर पडला. आता जकात संघही नाही आणि एकल बाजारपेठही नाही. मास्तर, वर्गात त्या तीन मतांबद्दल जरूर सांगा.