सततच्या फिरतीच्या नोकरीत वजन कसं उतरवायचं? (एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, हेडक्वार्टर लातूर)

निलंगारोड

नमस्कार मंडळी. वय ३९, उंची ५ फूट ७ इंच, वजन ९४ किलो. पंधरा वर्षांपूर्वी एमआर म्हणून बॅग उचलली तेव्हा ६८ होतो.

मागच्या महिन्यात एका डॉक्टरांकडे कॉलला गेलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघून प्रॉडक्टचं बोलणं थांबवलं आणि लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलं. वडिलांना चाळिशीतच शुगर निघाली होती, पुढे पायाचं एक बोट काढावं लागलं. त्या जखमेचं ड्रेसिंग मी स्वतः कित्येक महिने केलंय. त्यामुळे हा आकडा बघितल्यापासून मला नीट झोप नाही.

माझा आठवडा सांगतो. सोमवार, शुक्रवार, शनिवार लातूर. मंगळवारी औसा आणि निलंगा, मोटरसायकलवर. बुधवारी उदगीर, तिथे लॉजवर मुक्काम, गुरुवारी उरलेले कॉल करून रात्री परत. महिन्यातून दोनदा अहमदपूर-चाकूर. ओपीडी सकाळी साडेदहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ. दुपारचं जेवण तीनच्या पुढे, बहुतेक वेळा गाड्यावरचा निलंगा राईस नाहीतर पुरीभाजी. रात्री साडेदहाला घरी पोचतो, तेव्हा प्रचंड भूक लागलेली असते. चार पोळ्या, भाजी, भात होतो आणि अकराला अंथरुणावर.

चहा परवा मोजला. नऊ कप. केमिस्टच्या काउंटरवर, स्टॉकिस्टकडे (औषधांचा घाऊक विक्रेता), कंपाउंडरबरोबर. नाही म्हणायला अवघड वाटतं, कारण या लोकांच्या माणुसकीवरच माझी ऑर्डर उभी आहे.

दोनदा जिमची वर्षाची फी भरली. पंधरा दिवसांच्या पुढे जाणं जमलं नाही. रात्रीचं जेवण पूर्ण बंद करून बघितलं, चौथ्या दिवशी औशाच्या रस्त्यावर गाडी चालवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याकडेला थांबलो म्हणून निभावलं.

सकाळी पाचला उठायचा सल्ला कृपया देऊ नका. मुलीची शाळा सातची आहे, तिला मीच सोडतो, आणि झोप तशीही सहा तासांच्या आतच होते. ज्यांची नोकरी खरंच फिरतीची आहे आणि तरी ज्यांचं वजन उतरलं, त्यांनी काय केलं ते ऐकायचं आहे.

मुक्कामी_गाडी

दादा, मी एसटीत कंडक्टर आहे, कोकणातला डेपो. आठवड्यातून दोन-तीन वेळा मुक्कामी गाडी असते. दोन वर्षांत ७१ वरून ६३ वर आले.

माझ्या दोन चुका होत्या, तुमच्याही असू शकतात. पहिली म्हणजे पाणी. स्टँडवर बाईमाणसाला जायला धड जागा नसते म्हणून मी ड्युटीवर पाणीच पीत नव्हते. संध्याकाळी डोकं धरायचं, ते मला भूक वाटायची आणि हातात वडापाव यायचा. आता बाटली संपवतेच, कुठल्या स्टँडवर सोय बरी आहे ते पाठ झालंय. दुसरी चूक, गाडीत दिवसभर उभी असते, तिकिटं फाडते, म्हणजे व्यायाम होतोच अशी समजूत. त्याने पाय दुखतात, वजन उतरत नाही. तुम्हीही बॅग घेऊन दवाखान्यांचे जिने चढता ते व्यायामात धरू नका.

डब्यात मी नाचणीची भाकरी आणि भिजवलेलं कडधान्य नेते, मूग नाहीतर मटकी. आणि एक सांगते, राग मानू नका. हा डबा वहिनींवर टाकू नका. रात्री मटकी भिजत घालायला दोन मिनिटं लागतात. स्वतः घातलीत तर सकाळी डबा विसरायचा नाहीत.

बार्शी_पंढरपूर

मित्रा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी २६ वर्षं एमआर होतो, हेडक्वार्टर सोलापूर. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर हा माझा पट्टा. ४३ व्या वर्षी ८९ किलो होतो. चौदा महिन्यांत ७५ वर आलो आणि नंतरची सात वर्षं ७४ ते ७७ च्या मधे आहे. म्हणून अधिकाराने सांगतो.

तुझ्या दिवसाकडे नीट बघ. सकाळ तुझी नाही, रात्र तुझी नाही. पण दुपारी दोन ते सहा हे चार तास आपल्या धंद्यात जवळजवळ प्रत्येकाचे मोकळे असतात. ते आपण कुठे घालवतो? स्टॉकिस्टच्या दुकानात पंख्याखाली, चार एमआर मिळून, चहा आणि भजी. मीही घालवलेत. सगळे तुला सकाळ सांगतील, तू दुपार धर.

मी काय केलं ते सांगतो. कितीही कॉल बाकी असले तरी सव्वादोनला जेवायचं, आणि दिवसाचं मुख्य जेवण तेच. दोन भाकऱ्या, भरपूर भाजी, वरण किंवा उसळ, दही. डबा असेल तर उत्तम, नाहीतर खानावळीत ताट घेऊन भात आणि पापड आधीच परत करायचे. ताटात आलं की खाल्लं जातं. साडेतीनपर्यंत रिपोर्टिंग उरकायचं, जे आपण रात्री झोप मोडून करतो. आणि पावणेपाच ते साडेपाच चालायचं. बार्शीत भगवंत मंदिराच्या बाजूने, पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातून, सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी. बूट बॅगेत ठेवायचे. फॉर्मल बुटात चालून माझ्या टाचा महिनाभर दुखल्या, तू तो मूर्खपणा करू नकोस. सहाला तोंड धुऊन, शर्ट बदलून दवाखान्यात हजर.

तुला लातुरात गंजगोलाई आहे. तिला सोळा रस्ते फुटतात, एकेक रस्ता धरून जा आणि परत ये, कंटाळा येणार नाही, केमिस्टही भेटतील. उदगीरला तर किल्लाच आहे. बुधवारी मुक्कामाला असतोस ना, मग त्या दिवशी वेळही जास्त आहे.

आता रात्र. माझ्या मते तुझं अर्धं वजन रात्री साडेदहाच्या ताटात आहे. तू उपाशी राहून बघितलंस आणि अंधारी आली, ती येणारच. उपाय उलटा आहे. सहाच्या ओपीडीच्या आधी काहीतरी पोटात घालायचं. मी मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा केळं खायचो. मग रात्री घरी पोचल्यावर एवढी भूक राहत नाही. एक भाकरी, वाटीभर भाजी किंवा मुगाचं वरण, ताक. बाहेर असलो की सोलापूरची कडक भाकरी. ही तुझ्यासारख्या माणसासाठीच केलेली गोष्ट आहे. ज्वारीची, पापडासारखी वाळलेली, पाकिटात बरेच दिवस टिकते. लॉजच्या खोलीत दह्याबरोबर एक कडक भाकरी आणि स्टँडवरच्या गाड्यावरून दोन उकडलेली अंडी, झालं जेवण. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. शेंगाचटणी मात्र एक चमचाच. आम्ही सोलापूरकर ती वाटीने खातो, पण शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं हे विसरतो.

चहाचं. नऊ कप, प्रत्येकी दीड चमचा धरला तर दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास साखर झाली. मी दोन कप ठेवले, एक सकाळी घरी, एक दुपारी. बाकी ठिकाणी सरळ सांगितलं, "शेठ, डॉक्टरांनी शुगर सांगितलीय, पाणी द्या." औषधाच्या दुकानात उभा असलेला माणूस हे वाक्य लगेच समजतो. एकानेही ऑर्डर कमी केली नाही. उलट तीन केमिस्टांनी स्वतःची शुगर मला सांगितली.

ताकदीचा व्यायाम सोडू नकोस. मी तो लॉजवर करायचो. बैठका सुरुवातीला पलंगावर बसून उठून, दंड भिंतीला हात लावून. सॅम्पलची बॅग सहा-सात किलोची भरते, ती दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायची. पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. ९४ किलोवर पळायला किंवा दोरीवरच्या उड्यांना जाऊ नकोस, गुडघे आपल्याला जिने चढायला लागतात.

निलंगारोड

दादा, मनापासून आभार. दुपारचा विचार मी कधी केलाच नव्हता. एक अडचण. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पावणेपाचला कसं चालायचं? रस्ता तापलेला असतो.

बार्शी_पंढरपूर

नाही चालायचं. माझा एक मित्र उन्हात हट्टाने चालला आणि चक्कर येऊन पडला. मार्च संपला की मी चालणं रात्रीवर न्यायचो, शेवटचा कॉल झाल्यावर वीस मिनिटं, आणि दुपारी स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये बैठका. वजन त्या दोन महिन्यांत हलत नाही. हललं नाही तरी चालेल, वाढू द्यायचं नाही एवढंच.

तालुका_फिजिशियन

मी एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. वरचे सल्ले चांगले आहेत, थोडी भर घालतो.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेबत्तीस येतो. आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्याहून महत्त्वाचा पोटाचा घेर, पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत हवा. टेप घेऊन आजच मोजा आणि लिहून ठेवा. वजनकाटा गावोगावी बदलतो, टेप बॅगेत राहते.

६.१ म्हणजे मधुमेह झालेला नाही. ५.७ ते ६.४ हा उंबरठा आहे आणि इथून मागे फिरता येतं. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. तुमच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे साडेसहा किलो. ६८ वर जायचं मनातून काढून टाका, आधी साडेसत्त्याऐंशीचं बघा. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ.

आता एक प्रश्न, ज्यासाठी मी मुद्दाम लिहितोय. तुम्ही घोरता का? सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का? दुपारी गाडी चालवताना पेंग येते का? तुमच्या वजनाच्या, जेमतेम सहा तास झोपणाऱ्या माणसात झोपेत श्वास अडकण्याचा विकार बऱ्याचदा लपलेला असतो. त्यात भूक वाढते, रक्तदाब वाढतो, आणि तुम्ही तर मोटरसायकल चालवता. घरच्यांना विचारा. उत्तर हो असेल तर वजन उतरायची वाट न बघता झोपेची तपासणी करून घ्या. रक्तदाब, लिपिड (रक्तातली चरबी) आणि डोळ्यांचा पडदाही एकदा तपासा. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी फरक नीट दिसत नाही.

निलंगारोड

सात आठवड्यांनी लिहितोय. वजन ९०.४, घेर १०७ वरून १०२.

बायकोला घोरण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, मधेच तुमचा श्वास थांबतो म्हणून मी रात्री जागी राहते, तुम्हाला घाबरवायचं नव्हतं म्हणून बोलले नाही. हे ऐकून फार वाईट वाटलं. तपासणी झाली, विकार मध्यम स्वरूपाचा निघाला, मास्कचं मशीन लागलंय. पहिला आठवडा त्रास झाला. आता दुपारी पेंग येत नाही, आणि तीही झोपते.

चहा तीन कपांवर आहे. दोनवर येत नाहीये, निलंग्याचे एक म्हातारे केमिस्ट स्वतः उठून बिनसाखरेचा करून आणतात, त्यांना नाही म्हणवत नाही. सोमवारचं चालणं गंजगोलाईत होतं, बुधवारचं उदगीरच्या किल्ल्याकडे. महिनाअखेरीला क्लोजिंगच्या (महिन्याच्या विक्रीचा हिशेब पुरा करायच्या) चार दिवसांत सगळं बिघडलं, आणि पुण्याच्या दोन दिवसांच्या मीटिंगमध्येही. दोन्ही वेळा मिळून किलोभर वाढलं, ते उतरायला पंधरा दिवस गेले. पुढच्या क्लोजिंगला डबा दोन वेळचा नेणार आहे.

मटकी मीच भिजत घालतो. मुलगी आता आठवण करून देते.

सोलापूरहून माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला कडक भाकरीची चार पाकिटं आणायला सांगितलीत. बुधवारपर्यंत मिळतील. एचबीए१सी पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आहे, आकडा इथेच कळवतो.