बीएस्सी केमिस्ट्री करता करता बिझनेस लॉ शिकता येतं का? (सोलापूर)

पूर्वभाग_सोलापूर
नमस्कार, बारावी सायन्स झालं, ६८ टक्के पडले, केमिस्ट्रीत सगळ्यात जास्त. घरी चार पॉवरलूम आहेत, चादर आणि टॉवेल. मला केमिस्ट्री मनापासून आवडते, आमच्याकडे रंगवलेलं सूत येतं ना, त्याचा रंग एका लॉटचा पक्का बसतो आणि दुसऱ्याचा पहिल्या धुण्यात जातो, असं का होतं ते लहानपणापासून डोक्यात आहे. पण मार्चमध्ये एक गोष्ट झाली. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचा चेक परत आला, बँकेची ती छोटी चिठ्ठी चेकला पिन मारलेली, "फंड्स इनसफिशियंट". पप्पा रोज फोन करत राहिले, तो आज देतो उद्या देतो म्हणत राहिला, आणि परवा ओळखीच्या एकाने सांगितलं की नोटीस ३० दिवसांत द्यायची असती, मुदत गेली. पप्पा काहीच बोलले नाहीत, चेक परत वहीत ठेवून दिला. तेव्हापासून वाटायलंय की घरात कुणाला तरी हा कायदा माहीत पाहिजे. आता बीएस्सी घेऊ का कॉमर्सला जाऊ? दोन्ही होतं का?

वकील_सातरस्ता
आधी चेकचं बघू, ॲडमिशन पळून जात नाही. चेकवरची तारीख काय आहे ते बघ. त्या तारखेपासून ३ महिने झाले नसतील तर तोच चेक पुन्हा बँकेत भरता येतो, परत आला की नवी चिठ्ठी मिळते आणि त्या दिवसापासून नोटिशीचे ३० दिवस नव्याने सुरू होतात. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केलंय. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची तक्रार. आणि समजा ही वाट बंद झाली तरी पैसे बुडाले असं नाही, ३ वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पप्पांचं उद्यम रजिस्ट्रेशन माल द्यायच्या आधीचं असेल तर एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्याखाली, थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे पण जाता येतं, तिथं व्याज बँक रेटच्या तिप्पट लागतं.

आता शिक्षण. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री, मग इथंच सोलापुरात तीन वर्षांचं एलएलबी. त्याला कुठलीही पदवी चालते, ओपनला ४५ टक्के लागतात, सीईटी द्यायची. दोन्ही रेग्युलर डिग्र्या एकदम करायच्या म्हणशील तर बार कौन्सिलला ते चालत नाही, युजीसीने दोन डिग्र्यांना परवानगी दिली म्हणून त्यात फसू नको.

कॉमर्सच्या_मॅडम
बाळा, कॉमर्सला जायची गरज नाही. नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीने निवडायचा विषय, आपल्या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) फॅकल्टीबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे केमिस्ट्रीवाल्याला कॉमर्सचा विषय घेता येतो. फक्त तुझ्या कॉलेजमध्ये यादीत काय आहे ते फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात जाऊन विचार, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

आम्ही बिझनेस लॉ मध्ये करार कायदा १८७२, मालविक्री १९३०, भागीदारी १९३२, आणि तुझ्या पप्पांचा चेक ज्यात बसतो तो १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा शिकवतो. पहिल्या तासाला मी वर्गाला विचारते, १८ पुरं नसलेल्या मुलाने करारावर सही केली तर काय? सगळे म्हणतात, मोठा झाला की द्यावे लागतील. तसं नाही, तो करार मुळातच रद्दबातल, १९०३ चा मोहरी बीबीचा निकाल. यंत्रमागवाल्यांची पोरं हे फार पटकन पकडतात, कारण उधारी, आडत, माल परत येणं हे सगळं घरी बघितलेलं असतं.

पुण्यातून_सोलापूरकर
माझं मत वेगळं आहे. कायदाच करायचाय तर बारावीनंतर ५ वर्षांचा इंटिग्रेटेड घे, ३ अधिक ३ म्हणजे ६, एक वर्ष वाचतं. माझ्या भावाने बीए एलएलबी केलं, आज बरं चाललंय.

वकील_सातरस्ता
दादा, वर्ष वाचतं हे खरं, पण सायन्सची डिग्री हातातून जाते त्याचं काय. पेटंट एजंटच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या शोधांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या परीक्षेला सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची पदवी लागते, वय २१, आणि कायद्याची पदवी लागतच नाही. बीए एलएलबी केलेला माणूस कितीही हुशार असला तरी त्या परीक्षेला बसू शकत नाही, हा पोरगा बीएस्सी झाला की बसू शकतो. बीएस्सी एलएलबी पण आहे म्हणा, गांधीनगरला, पण त्याला क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आणि बाहेर राहायचा खर्च. दुसरं, डाईंगच्या सांडपाण्याच्या केसेस. रिपोर्टमध्ये सीओडी (पाणी किती दूषित आहे त्याचं माप), पीएच (आम्लता) लिहिलेलं असतं आणि अर्धे वकील ते पान उलटून पुढं जातात. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात तर पीठावर एक्स्पर्ट मेंबर असतात, तिथं आकडा कळल्याशिवाय बोलता येत नाही. केमिस्ट्री कळणारा वकील आपल्या शहराला हवाय हे मी मनापासून सांगतो.

लॅबमधली_ताई
एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहिते. सरकारी नोकरीचा विचार असेल तर विषय जपून निवड. फूड सेफ्टी ऑफिसरला मायक्रोबायोलॉजीची नुसती पदवी चालते, पण केमिस्ट्री असेल तर एमएस्सी लागते. मला हे बीएस्सी झाल्यावर कळलं आणि दोन वर्षं वाढली. पण तुला रंगाचं वेड आहे ना, मग केमिस्ट्रीच घे, नावडता विषय तीन वर्षं ओढत नाही.

पूर्वभाग_सोलापूर
सगळ्यांचे खूप आभार. बीएस्सी केमिस्ट्रीच घेतोय, मॅडम, ओपन इलेक्टिव्हचं सोमवारी ऑफिसात विचारतो. आणि वकील सर, वही काढून बघितली, चेकवर ५ मार्च आहे, म्हणजे अजून ११ दिवस हातात आहेत. पप्पांना वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून तारीख दोनदा बघितली, उद्या बँक उघडली की भरायला चाललोय, मी पण सोबत जातोय. नोटिशीसाठी तुम्हाला मेसेज केला तर चालेल का सर?

वकील_सातरस्ता
कर की. भरायच्या आधी चेकचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेव, आणि मार्चमधली जुनी चिठ्ठी फेकू नका.