इतिहासाच्या तासाला साक्षीदारांची कथनं सादर करायची आहेत. त्याचं 'नाटक' होऊ नये म्हणून काय करावं?

खडूधारी: नववीचा वर्ग, ४२ मुलं, ३५ मिनिटांचे दोन तास. पत्रं, रोजनिश्या, आठवणी यांतले उतारे मुलांनी 'मी' म्हणून सादर करायचे आहेत. पण मुलं मनचे संवाद घुसडतात, आणि सादर करणारे चार जण सोडले तर बाकीचे नुसते बघे. संहिता किती लांब असावी? वेशभूषा लागते का?

पडद्यामागे: वेशभूषा नको, पाठांतर तर नकोच. कागद हातात राहू द्या. नीट थांबत वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तीनशेच्या वर गेलात की वर्ग चुळबुळायला लागतो.

नियम एकच, पण कडक: कापायला मुभा, घालायला नाही. जोडवाक्य लागलंच तर ते निवेदक म्हणेल. मूळ शब्द शाईने आणि निवेदकाचे पेन्सिलने लिहायला लावा, म्हणजे कुणी काय घुसडलंय ते लगेच दिसतं. जुन्या भाषेतली लांबलचक वाक्यं तोडा, पण शब्द बदलू नका, कठीण शब्दाचा अर्थ कागदाच्या समासात लिहा.

बघ्यांचं म्हणाल तर सात-सात जणांचे सहा गट, उतारे तीनच. प्रत्येक उतारा दोन गटांना: एक सादर करणार, दुसरा उलटतपासणी घेणार. पहिला तास काटछाटीला. दुसऱ्यात तीन मिनिटं वाचन, सात मिनिटं प्रश्न, असं तीनदा. उत्तर उताऱ्यात नसेल तर 'हे मी लिहिलेलं नाही' एवढंच म्हणायचं. इथेच मुलं हमखास थापा मारतात, तेव्हा तपासणाऱ्या गटाला 'ओळ दाखवा' म्हणायचा हक्क द्या.

तळटीप: वरच्याला दुजोरा. भर एवढीच की साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं उभं राहून वाचायचं, दुसऱ्याकडून ऐकलेलं बसून. रोमन लेखक धाकटा प्लिनी याची इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरची पत्रं घ्या. उद्रेक इ.स. ७९ चा, पत्रं साधारण पंचवीस वर्षांनंतरची, तीही इतिहासकार टॅसिटससाठी लिहिलेली. उद्रेकात मेलेल्या मामाचा मृत्यू प्लिनीने पाहिलेलाच नाही, तो स्वतः तेव्हा खाडीपलीकडे मिसेनम गावात होता. म्हणजे पत्रातला सगळ्यांत नाट्यमय भाग बसून वाचावा लागतो! 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजी १८५८ च्या इंग्रजांच्या वेढ्यात झाशीतच होते, पण त्यांनीही लिहिलं ते पंचवीसेक वर्षांनी. उठायचं कुठे आणि बसायचं कुठे, यावर गटात वाद होऊ द्या. खरा अभ्यास तोच.

खडूधारी: उभं-बसणं झकास. एक उतारा दंगलीतला आहे, तो घ्यावा का?

पडद्यामागे: घ्या, पण मारहाण करून दाखवायची नाही, साक्षीदार नंतर सांगतोय एवढंच. आरडाओरडा सुरू झाला की मागची बाकं हसतात आणि उतारा वाया जातो. भूमिका चिठ्ठ्या टाकून देऊ नका, जात-धर्म बघून तर मुळीच नाही; ज्याला हवी त्याने घ्यावी, आणि मध्येच सोडायची मोकळीक असावी. वाचन संपलं की कागद खाली, मूल आपल्या जागेवर. पुढची चर्चा 'मी' सोडून 'त्याने', 'तिने' अशी.

तळटीप: आणि अभिनयाला गुण ठेवू नका. दहापैकी चार काटछाटीला, चार उत्तराला ओळ दाखवण्याला, दोन पाहिलेलं-ऐकलेलं वेगळं करण्याला.