मदत हवी आहे: मध्यम चणीचे, संतुलित अँगस वळू कसे शोधायचे?

माळरान_नेब्रास्का
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. अँगस या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीचे दोन नोंदणीकृत वळू घ्यायचे आहेत. मध्यम चणीचे, सगळ्या बाजूंनी संतुलित. टेबलावर लिलावांच्या कॅटलॉगांचा ढीग पडलाय आणि जो तो आपला वळू "मॉडरेट, बॅलन्स्ड" म्हणून छापतोय. आकडे बघायला जावं तर एक वर्षाच्या वयातल्या वजनाचा ईपीडी (म्हणजे तो गुण वासरांत किती उतरेल याचा अंदाज) १५० च्या वर! हा कसला मध्यम? लिलाव मार्चमध्ये आहेत, वेळ थोडा आहे. चाळणी कशी लावायची ते कुणी सांगेल का? "अभ्यास वाढवा" छापाचे प्रतिसाद नकोत.

आयोवाकाका
गायी किती, केवढ्या, कुठल्या गवतावर? वळू पहिलारू कालवडींवर सोडणार की मोठ्या गायींवर? वासरं सगळी विकता की कालवडी घरी ठेवता? पत्रिका न दाखवता स्थळ सुचवा म्हणताय.

गोठा_फलटण
दादा, वळू पाळायचाच कशाला? आमच्याकडे आता वळू बघायलाही मिळत नाही. माजावर आली की डॉक्टरला फोन, रेतमात्रा भरली, काम झालं. लिंगनिर्धारित घेतली की बहुतेक कालवडीच. आणि मुरघास सुरू करा. मका चिकात असताना कापायचा, बारीक कुट्टी, दाबून हवा काढायची. दुधाला फरक पडतो.

माळरान_नेब्रास्का
@गोठा_फलटण दादा, या दुधाच्या गायी नाहीत. वासरू पितं तेवढंच दूध. हजारो एकर मोकळ्या गवतावर पांगलेल्या गायींचा माज रोज कोण बघणार?

@आयोवाकाका बायकोच्या माहेरचं रँच आहे, सँडहिल्समध्ये. ७० गायी, बहुतेक १४०० पौंडांच्या. नुसत्या गवतावर, थंडीत वाळला चारा. वासरं ऑक्टोबरमध्ये दूध तोडून विकतो.

आयोवाकाका
आणि कालवडी?

माळरान_नेब्रास्का
दरवर्षी १०-१२ ठेवतोच की. त्याशिवाय कळप कसा टिकेल?

आयोवाकाका
अहो, सगळं त्यावरच तर आहे! सगळी वासरं विकणारा माणूस वजनाच्या मागे लागला तर मी समजू शकतो. तुमच्या घरात मात्र त्या वळूच्या मुली दहा वर्षं चरणार आहेत. १२०० पौंडांच्या गायीपेक्षा १४०० ची गाय रोज तीन-साडेतीन पौंड कोरडा चारा जास्त खाते. ७० गायी, ३६५ दिवस, करा हिशोब. ३५ टनांच्या वर जातो, आणि वासरू त्या प्रमाणात मोठं होतंच असं नाही.

म्हणून आधी प्रौढ वजनाचा ईपीडी बघा, तो जातीच्या सरासरीच्या खाली हवा. मग डॉलर-ईएन. हा गायीच्या खुराकात वाचणारा पैसा, म्हणजे जास्त तितका चांगला. दुधाचा आकडा मधलाच घ्या. नुसत्या गवतावर फार दुधाळ गाय हाडकते आणि पुन्हा गाभण राहत नाही. खुरांचे दोन आकडे असतात, क्लॉ (खुराचा आकार) आणि अँगल (खुराचा कोन), ते कमी तितके बरे. चणीचा गुणांक ५ च्या आसपास, म्हणजे वर्षाच्या वळूची पुठ्ठ्यावरची उंची साधारण ४८ इंच. सेंट जोसेफच्या अमेरिकन अँगस असोसिएशनच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की हे आकडे दिसतात. कॅटलॉगमधली विशेषणं सोडून द्या.

टेक्सासची_सून
काकांचा आकड्यांवर फार विश्वास दिसतो. वर्षाच्या वळूला स्वतःचं एकही वासरू नसतं. जनुकीय चाचणी केलेली असली तरी त्या आकड्यांची अचूकता कमीच. आमच्याकडे सासूबाई कॅटलॉग उघडतही नाहीत. त्या विक्रेत्याला एकच सांगतात, "याची आई दाखव." आईची कास घट्ट आहे का, सड बाटलीसारखे फुगलेत का, खूर कातरीसारखे एकमेकांवर चढलेत का, आणि दहा वर्षांची होऊनही दरवर्षी वेळेवर विते का. आई दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडून आम्ही वळू घेत नाही.

आयोवाकाका
आई बघाच, मी कुठे नको म्हणतोय? पण नुसत्या डोळ्यांवर विसंबून या जातीने दोनदा मार खाल्लाय. १९५० च्या सुमारास प्रदर्शनांत बुटक्या जनावरांना बक्षिसं मिळायची, त्यातून खुजी वासरं निपजू लागली. मग लंबक उलटा फिरला आणि १९८० च्या दशकात इतकी उंच जनावरं आली की गवतावर त्यांचं पोटच भरेना. दोन्ही वेळा परीक्षकांना डोळे होतेच.

टेक्सासची_सून
ते प्रदर्शनवाल्यांचं झालं. गवतावर वासरं विकून पोट भरणाऱ्या सगळ्यांनीच काही तेव्हा बुटकी किंवा उंटासारखी जनावरं ठेवली नव्हती. असो, तुमचं चालू द्या.

कोलोरॅडोचा_घाट
पीएपी चाचणी कुणीच कशी सांगितली नाही? फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजतात. आमचं रँच ७ हजार फुटांवर आहे. सपाटीवरून आणलेली जनावरं छातीत पाणी होऊन मरतात. पीएपी न बघता वळू घेऊ नका.

माळरान_नेब्रास्का
आम्ही इतक्या उंचीवर नाही हो, टेकड्या आहेत पण वाळूच्या. ते राहू दे. चण आणि प्रौढ वजन कळलं, धन्यवाद.

खडूस_मी
देश सोडून गेलात आणि धंदा कसला, तर गायी खाटकाला विकायचा. इथे महाराष्ट्रात २०१५ पासून वळू-बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे.

प्राजक्ता_ओ
@खडूस_मी, तो वेगळा धागा काढा. बंदीनंतर भाकड जनावरं कोण सांभाळतंय यावर मलाही तिथे बोलायचंय.
मूळ धाग्याबद्दल: खिल्लार वळूही मध्यम चणीचाच असतो ना? उन्हात टिकतो, काटक असतो.

माळरान_नेब्रास्का
ताई, इथे थंडीत पारा उणे २५ च्या खाली जातो.

पशुवैद्य_परभणी
जरा कामाचं बोलतो. दोन वळू आणि ७० गायी? वर्षाचेच घेणार असाल तर हे गणित बसत नाही. जुना ठोकताळा असा की वळू जितक्या महिन्यांचा, साधारण तितक्याच गायी त्याला द्याव्यात. म्हणजे दोघांत मिळून तिसेक. जाणता वळू २५-३० सांभाळतो.

खरेदीआधी प्रजननक्षमतेचा दाखला मागा. १५ महिन्यांच्या आतल्या वळूच्या वृषणाचा घेर किमान ३० सेंमी, निकोप आकाराचे शुक्राणू किमान ७० टक्के. हे नसेल तर ईपीडी कितीही सुंदर असोत, उपयोग नाही. आनुवंशिक दोषांच्या चाचण्याही बघा. २००८ मध्ये अँगसमध्ये वाकड्या, मृत वासरांचा दोष उघडकीला आला, त्याचं नाव एएम. कॅटलॉगमध्ये "एएमएफ" लिहिलेलं असेल तर वळू त्यापासून मुक्त.

माळरान_नेब्रास्का
सासऱ्यांचा जुना वळू आहे ना अजून, सहा वर्षांचा. तो धरून तीन होतात.

आयोवाकाका
हे आत्ता सांगताय! त्याच्या मुली कळपात आहेत?

माळरान_नेब्रास्का
आहेत, वीसेक. म्हणूनच तर नवे घेतोय.

पशुवैद्य_परभणी
मग त्याला त्या मुलींपासून वेगळ्या कुरणात ठेवा आणि सोडण्याआधी ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग तपासून घ्या. वापरलेल्या वळूकडून पसरतो, त्याला स्वतःला काही होत नाही, गायी मात्र गाभ टाकतात. त्याच्या मुलींपैकी पहिलारू कालवडी कुठल्या वळूकडे जाणार?

माळरान_नेब्रास्का
नव्यांपैकी एकाकडे. म्हणजे एक तरी सहज विण्याचा हवा, बरोबर?

टेक्सासची_सून
एकच. त्याचा सीईडी, म्हणजे सहज विण्याचा ईपीडी, वरचा बघा. दुसऱ्याला त्याची गरज नाही, मोठ्या गायी वितात आपापल्या. दोन्ही वळू सारखेच कशाला हवेत?

माळरान_नेब्रास्का
चाळणी लावून दोन लॉट उरलेत. पहिला: सीईडी उत्तम, चण ५, प्रौढ वजन सरासरीच्या बरंच खाली, दूध मधलं, पण खुरांचा अँगल सरासरीपेक्षा वाईट. दुसरा: चण साडेपाच, सीईडी साधारण, खूर चांगले, आई ११ वर्षांची आणि अजून विते. विक्रेता म्हणतो, या, दाखवतो.

टेक्सासची_सून
दुसरा. डोळे झाकून.

आयोवाकाका
अहो, कालवडींसाठी पहिलाच लागणार! तो अँगलचा आकडाही कमी अचूकतेचाच आहे, असं मघाशी कोण म्हणत होतं? जाऊन कडक जमिनीवर चालवून बघा. टाचेवर बसल्यासारखा चालला, खूर पुढे लांबलेले दिसले, तर सोडा आणि तसाच सहज विण्याचा तिसरा शोधा. आणि कशावर वाढवलाय ते विचारा. धान्यावर फुगवलेला असेल तर पहिल्याच हंगामात गवतावर सुकून जातो.

माळरान_नेब्रास्का
धान्याचं विचारतो. शनिवारी दोन्हीकडे जाऊन येतो, सासरेही येतायत.

गोठा_फलटण
दादा, त्या अकरा वर्षांच्या गायीला खुराक काय देतात तेवढं विचारून या.