आईला पंख्यावर नाव हवंय, कमिटीला कब्रस्तानची भिंत

पलासियाकर, इंदूर
सगळ्यांना सलाम. पप्पा गेल्या पावसाळ्यात प्रभूकडे गेले. त्यांची 50,000 ची एक एफडी निघाली, आणि आईच्या मनात आहे की ती चर्चला द्यावी. आमच्या चर्चमध्ये पंख्याच्या पात्यांवर लाल ऑइलपेंटने 'यांच्या स्मरणार्थ', बाकांच्या पाठीवर नावं, पाण्याच्या कूलरवरसुद्धा. आईला नवे पंखे द्यायचेत, त्यावर पप्पांचं नाव, तेही मराठीत. (उपासना हिंदीत होते. पण पप्पा मराठी बायबल घेऊनच बसायचे. पाळकसाहेब हिंदीत वाचत असले की यांचं बोट मराठी ओळीवरून सरकत असायचं.)

कमिटी म्हणते, पंखे पुष्कळ झाले. कब्रस्तानची मागची भिंत पडलीय, गाई आत शिरतात, पैसे तिकडे द्या. भिंतीवर नाव लागणार नाही. भाऊ म्हणतो, मग देऊच नका. आत्या म्हणते, मत्तय 6 वाचा, उजव्या हाताचं डाव्याला कळता कामा नये.

आई रोज प्रार्थनेत 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणते, आणि आमेन झालं की पंख्यांचे भाव विचारते. म्हणजे हेतू काही निर्मळ नाही आमचा. तो निर्मळ होईस्तोवर थांबायचं का? आणि कमिटी म्हणते तीच देवाची इच्छा, असं धरून चालायचं?

जुना पेटीवाला
ताई, थांबू नका. निर्मळ हेतूची वाट बघत बसलं तर कुणाच्या चर्चला छप्परच झालं नसतं. फिलिप्पै 1 काढा, प्रेषित पौलाचं पत्र. पौल तुरुंगात आहे, आणि बाहेर काही जण निव्वळ त्याच्यावरच्या चढाओढीने प्रचार करताहेत. तो म्हणतो, कसंही होईना, ख्रिस्ताची घोषणा होतेय, मला आनंद आहे. आमचे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक बघा. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. म्हणून त्याआधी पगार घेऊन केलेली सेवा खोटी होती असं कुणी म्हणतं का?

फतेहगंज, बडोदे
वरच्या काकांशी अर्धी सहमत. पौल दुसऱ्यांच्या हेतूबद्दल मोठ्या मनाने बोलतोय, त्यावरून स्वतःला सूट घेऊ नये.

पण आत्यांनी मत्तय 6 एवढ्या घाईने काढायला नको होता. तिथे लोकांनी वाहवा करावी म्हणून दान करणाऱ्यांबद्दल बोलणं चाललंय. गेलेल्या नवऱ्याची आठवण राहावी असं वाटणाऱ्या बाईबद्दल नाही. बेथानीत एका बाईने महागडं सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतलं, तेव्हाही शेजारी बसलेले हिशेब करतच होते की हे विकून गरिबांना देता आलं असतं. प्रभू म्हणाला, सुवार्ता जाईल तिथे हिची आठवण निघेल. मार्क 14 मध्ये हे सगळं आहे, फक्त बाईचं नाव नाही. योहान सांगतो तेव्हा मरिया कळते. हे आईंना नक्की वाचून दाखवा.

साधा सभासद
कमिटीत नऊ वर्षं काढलीत, म्हणून सांगतो: कमिटीची इच्छा ही कमिटीची इच्छा असते, आणि पुष्कळदा खजिनदाराची. प्रेषितांची कृत्ये 5 मध्ये पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणतो, जमीन विकण्याआधी तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. जबरदस्ती नव्हतीच. तो मरून पडला तो खोटं बोलून, थोडं ठेवून सगळं दिल्याचं दाखवून. तेव्हा आईंनी कमिटीपुढे सरळ सांगावं की मला नाव हवंय. गेथशेमाने बागेत, पकडला जाण्याआधी, प्रभूनेही आधी मागितलंच की हा प्याला दूर कर. 'तुझ्या इच्छेप्रमाणे' त्यानंतर आलं. आपले लोक मागायची लाज वाटते म्हणून एकदम दुसऱ्या वाक्यावर उडी मारतात, आणि मग नाही म्हटलं की सहा महिने चर्चला येत नाहीत. खरी परीक्षा तिथे आहे: नकार आल्यावर आई पुढच्या रविवारी त्याच बाकावर बसतील का?

भावालाही हेच विचारा.

पलासियाकर, इंदूर
सगळ्यांचे आभार. मार्क 14 वाचून दाखवला. आई बराच वेळ त्या तेलाच्या किमतीवरच अडकली. मग गेथशेमाने वाचलं तर म्हणाली, "म्हणजे पंखे मागायला हरकत नाही ना?" म्हटलं, नाही. "आणि ते नाही म्हणाले तर?" मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, गाई तर शिरतातच आहेत.

रविवारी उपासनेनंतर कमिटीला भेटतोय, भाऊ येणार नाही म्हणतोय. साधा सभासद दादा, पन्नास हजारांत साधारण किती फूट भिंत उठते? आमच्या मिस्त्रीच्या हिशेबावर माझा भरवसा नाही.