टॉल बेलफ्लॉवर फुलायचं नावच घेत नाही, मदत हवी आहे

अबोली_नेपरव्हिल
नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. घरामागे उत्तरेला मेपलच्या सावलीत एक पट्टा आहे. ऊन जेमतेम ३-४ तास, माती चिकट, पाऊस पडला की ओल लवकर हटत नाही. तिथे हॉस्टा (सावलीत वाढणारं, पानांसाठी लावतात ते शोभेचं झाड) लावून कंटाळले, म्हणून इथलंच रानफूल लावू म्हटलं आणि एप्रिलमध्ये टॉल बेलफ्लॉवरचं बी पेरलं. उगवलं झकास. पण ऑगस्ट सरत आला तरी रोपं जमिनीला चिकटून बसली आहेत. नुसता पानांचा गोल झुबका, ना दांडा ना कळी. पाकिटावर मात्र ६ फुटांपर्यंत उंची लिहिलीय!

खत कमी पडतंय का? घरून सल्ला आहे की उपटा आणि पुन्हा हॉस्टा लावा. शिवाय कुंपणालगत न पेरताच एक झाड आलंय, त्याला जांभळ्या घंटा लागल्यात. तेही हेच असेल का? असेल तर ते फुललं आणि वाफ्यातली का नाही?

ओहायोकर
उपटू नका हो! रोपं ठणठणीत आहेत. वसंतात उगवलेलं रोप पहिल्या वर्षी एवढंच करतं. त्याला मध्ये एक कडक हिवाळा लागतो, मग पुढच्या उन्हाळ्यात दांडा सरसर वर जातो, जुलै-ऑगस्टमध्ये फुलतो, बी धरतो आणि झाड मरतं. तेच बी शरद ऋतूत उगवलं असतं तर पुढच्याच उन्हाळ्यात फुललं असतं. म्हणून कुणी याला एकवर्षायू म्हणतं, कुणी द्विवर्षायू, आणि दोघंही बरोबर.

खत नको. तुमची माती पुरेशी आहे, जास्त लाड केले तर दांडे लांबून आडवे होतात. पाणी मात्र तोडू नका, हे मुळात ओलसर जंगलांच्या कडेचं, ओढ्याकाठचं झाड आहे.

रानभूल
मला ते कुंपणाजवळचं प्रकरण जास्त काळजीचं वाटतंय. फुलं खाली मान घालून, दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने लागलीत का?

अबोली_नेपरव्हिल
हो, अगदी तशीच! दिसतात सुंदर.

रानभूल
सुंदर आहेच, तिथेच तर घात होतो. ते क्रीपिंग बेलफ्लॉवर, युरोपातून आलेलं तण. टॉल बेलफ्लॉवरचं फूल नावाला घंटा, प्रत्यक्षात चपटी पाच पाकळ्यांची निळसर चांदणी, मध्ये फिकट कडं आणि बाहेर वाकून आलेली लांब दांडी. खाली मान न घालता उभ्या दांड्याला इकडेतिकडे फुलतं.

घंटावाल्याचे दांडे आज कापा, बी पडू देऊ नका. मग पाऊस पडून माती मऊ झाली की खोल खणा. खाली पांढरी, जाडसर, गाजरासारखी मुळं असतात, तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतं. नुसतं वरून ओढून उपयोग शून्य. पुढची दोन-तीन वर्षं तिथे नजर ठेवा. आणि वाफ्यात अनोळखी झुबका दिसला तर आधी मुळं बघा, कारण कोवळेपणी दोघांची पानं फसवतात.

कोथरूडची_बाग
मध्येच विचारते, पुण्यात येईल का? भाचा येतोय डिसेंबरात, बी मागवलं असतं.

ओहायोकर
ताई, पानं कदाचित येतील, फुलं नाहीत. पुण्याची थंडी याच्या खिजगणतीत नाही. शिवाय विमानातून बी आणण्याचे नियम असतात, भाच्याला कशाला अडकवता? याचा गोतावळा बघायचा तर महाबळेश्वरला जा. तिथली उंच, पांढऱ्या फुलांची देवनळ याच कुळातली आहे. फक्त हात लावू नका, विषारी आहे.

अबोली_नेपरव्हिल
दोघांचे मनापासून आभार, घरचा खटला आता मीच जिंकणार. आणखी एक. हिवाळ्यात यांच्यावर मेपलचा पाला घालू का? आणि पुढच्या वर्षी सगळी एकदम फुलून एकदम मेली, तर त्यानंतर वाफा रिकामा?

ओहायोकर
पाल्याचा जाड थर नको, ओल्या पानांखाली झुबके कुजतात. उडून आला तर हाताने थोडा विरळ करा. सशांसाठी मात्र जाळी लावाच. उंच झाल्यावर हरणंही येतील.

वाफ्याचं म्हणाल, तर थोडं बी नोव्हेंबरात, जमीन गारठल्यावर पेरा. ते वसंतात उगवेल आणि आताची रोपं फुलून गेली की त्याच्या पुढच्या वर्षी फुलेल. आत्ता पेरलंत तर सगळी एकाच उन्हाळ्यात फुलतील. बी बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो, त्यामुळे मातीवर भुरभुरवून तळव्याने दाबा, वर माती ओढू नका. एकदा झाडांनी स्वतःच बी टाकायला सुरुवात केली की हा हिशेब तुम्हाला ठेवावा लागणार नाही.

रानभूल
आणि वाळलेले दांडे लगेच कापू नका. बोंडांच्या बाजूला छिद्रं पडतात, वारा दांडा हलवतो तसं बी सांडतं.